हुंडणावळ

९७ रुपये ही कांहीं मोठी रक्कम नव्हे. तेवढ्यांत हल्लीं बऱ्या उपाहारगृहांत दोघांचा चहा झाला तर झाला. तथापि गेले कित्येक महिने हे ९७ रुपये आमच्या मनांत बारीक कुसळाप्रमाणें रुतून बसले आहेत. कुसळ दिसत नाहीं, परंतु हात फिरविला कीं टोंचतें. तें काढून टाकावें एवढ्याच हेतूनें आजचा हा प्रपंच आहे.

दिवाळीला आठ दिवस होते. आमच्या पेठेंतल्या किराणा दुकानांत आम्ही फराळाचें सामान घेण्यास गेलों होतों. या दुकानाशीं आमचा चाळीस वर्षांचा व्यवहार. पूर्वीं ज्या गादीवर शेठजी मांडी घालून बसत, तेथें आतां त्यांचे चिरंजीव उंच खुर्चीवर बसतात. वहीच्या जागीं संगणक आला आहे, आणि तराजूच्या कांट्याकडे डोळे लावून उभें राहण्याचें सुख कायमचें गेलें आहे. रवा, मैदा, चण्याची डाळ, साखर, तूप, सुकें खोबरें, भाजके पोहे आणि सोन्याच्या भावाची खसखस मिळून ४,८६० रुपये झाले. आम्हीं खिशांतून कार्ड काढलें.

"काका, कार्डाला दोन टक्के जादा पडतील," चिरंजीव म्हणाले. "फोनवरून टाका, नाहीतर रोख द्या."

फोन आमच्या खिशांतच होता, हें येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. पाकिटांत नोटाही होत्या. परंतु त्या विशिष्ट कार्डावर खर्च केला म्हणजे दर शंभर रुपयांमागें कांहीं गुण मिळतात, गुण पुरेसे सांचले म्हणजे बँकेच्या यादींतील एखादी वस्तु घरपोंच येते, आणि त्या यादींतल्या सहा कपांच्या एका चहाच्या संचावर आमचा बरेच दिवस डोळा होता. सेवानिवृत्त मनुष्याची महत्त्वाकांक्षा याहून उंच जात नाहीं. तेव्हां आम्हीं कार्ड मागें घेतलें नाहीं. उलट आवाज थोडा चढवून, रांगेंतल्या सर्वांस ऐकूं जाईल अशा बेतानें, दुकानदारास कायदा शिकविला. रिझर्व्ह बँकेनें १७ सप्टेंबर २०१३ रोजीं पत्रक काढून असा जादा आकार घेण्यास मनाई केली आहे. जो व्यापारी तो घेईल त्याच्याशीं बँकेनें संबंध तोडावा असें त्यांत म्हटलें आहे. तक्रार केली तर तुमचें हें यंत्र जाईल, इत्यादि. हें सर्व अक्षरशः खरें होतें. एक गोष्ट मात्र आम्हीं गाळली. त्या पत्रकांतला शब्द डेबिट कार्डाचा होता, आणि आमच्या हातांत होतें तें क्रेडिट कार्ड. व्यापाऱ्याच्या व बँकेच्या करारांत क्रेडिट कार्डाविषयींही बहुधा तशी अट असते, ही सबब आम्हांस घरीं आल्यावर सुचली. दुकानांत तेवढीही नव्हती.

"बरं काका, राहू द्या," तो म्हणाला, आणि ४,८६० चाच आंकडा दाबून यंत्र आमच्यापुढें सरकविलें. गल्ल्यावर टेकवून ठेवलेला पुठ्ठ्याचा तुकडा, ज्यावर 'कार्डावर २ टक्के जादा' असें लिहिलें होतें, तोही त्यानें पालथा घातला. आम्ही विजयी मुद्रेनें मागें वळलों. आमच्या मागें आळींत चार घरचीं धुणीभांडीं करणारी एक बाई उभी होती. तिनें अर्धा किलो साखर व पाव किलो रवा मागितला, रुमालाची गांठ सोडून नोटा मोजून दिल्या, आणि ती गेली. तिला साखरेचा भाव लागला तो आम्हांस लागला तोच. त्या वेळीं यांत कांहीं विशेष आहे असें आमच्या लक्षांत आलें, असें म्हणूं तर तें खोटें होईल. आम्हीं फक्त पाहिलें, आणि पिशव्या सांभाळीत घरचा रस्ता धरिला.

पैसा एका हातांतून दुसऱ्या हातांत फुकट जात नाहीं, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांस आपल्याहून चांगली ठाऊक होती, व तिच्यासाठीं त्यांच्या भाषेंत स्वच्छ शब्द होते. पेशवाईंत काशीस निघालेला गृहस्थ रोकड कमरेला बांधून नेत नसे. ती पुण्याच्या सावकारापाशीं भरून तो काशीवरची हुंडी घेई, आणि या सोयीबद्दल सावकारास जें द्यावें लागे तिचें नांव हुंडणावळ. तिचा दर कायमचा ठरलेला नसे. अंतर, वाटेंतला धोका, दर्शनी हुंडी कीं मुदती, आणि त्या गांवीं त्या घटकेस पैशाला मागणी किती, यांवर तो चढे व उतरे. नाण्यांचीही तीच कथा. चांदवडी, अंकुशी अशा नाना टांकसाळींचे रुपये बाजारांत फिरत. एकाच्या बदल्यांत दुसरा घ्यावयाचा तर बट्टा पडे. आणि नाणें खरें कीं खोटें हें पारखणारा पोतदार गांवगाड्यांत आपल्या हक्काच्या जागीं बसलेला असे. १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या सर्व मुलखासाठीं एकच रुपया ठरविला, व हळूहळू बट्ट्याचा धंदा बसला. नांवाला बट्टा लागतो असें आपण अजून म्हणतों, परंतु रुपयाला तो लागत असे हें आपण विसरलों आहोंत.

आमच्या लहानपणीं हुंडणावळ हा शब्द गेला होता, पण ती वस्तु घरांत होती. आमचे वडील मुंबईस गिरणींत कारकून, आणि आम्ही भावंडें आईजवळ कोंकणांत. दर महिन्याच्या दहा-बारा तारखेस मनिऑर्डर येई. टपालखात्यानें १८८० सालीं हातीं घेतलेली ही व्यवस्था म्हणजे गरीबाची हुंडीच होती. मनिऑर्डरचा आकार वडील मुंबईस खिडकीवर निराळा भरीत; आईच्या हातीं ठरलेले रुपये पुरे पडत. फॉर्माच्या खालच्या तुकड्यावर वडिलांच्या चार ओळी असत. रुपये पोंचतील, धाकट्याच्या खोकल्यास अडुळसा द्यावा, असलाच मजकूर. सुटींत घरीं आले म्हणजे वडील वर्षाचा जमाखर्च मांडीत, व त्यांत 'म. ऑ. आकार' असें एक निराळें सदर असे. तें पाहून आई एकदां म्हणाली होती कीं एवढ्यांत धाकट्याचा सदरा झाला असता. वडिलांनीं उत्तर दिलें नाहीं. पण त्या आकाराबद्दल टपालखात्यावर ते रागावल्याचेंही आम्हांस आठवत नाहीं. पैसे धाडण्याची गरज त्यांची होती, आकार त्यांनीं भरला, आणि तो किती भरला हें त्यांच्या वहींत होतें.

कार्ड आलें तें ही वही मिटूनच. १९५० सालीं न्यूयॉर्कांत डायनर्स क्लबचें पुठ्ठ्याचें कार्ड निघालें. तें दाखवून जेवणारा गृहस्थ तेथल्या तेथें पैसे देत नसे, आणि उपाहारगृहाच्या मालकाकडून क्लब शेंकडा ७ कापून घेई. युक्ति हीच होती. ज्याची सोय त्याला आकार दिसावयाचा नाहीं. जो घेणेकरी, त्याच्या पदरीं तो पडावयाचा. हल्लीं आपल्याकडे क्रेडिट कार्डावर दुकानदारास सामान्यतः शेंकडा २ च्या आसपास सोडावे लागतात. त्यांतला मोठा वांटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, थोडा कार्डावर जिचें नांव छापलेलें असतें त्या कंपनीकडे, आणि उरलेला दुकानांत यंत्र ठेवणाऱ्या बँकेकडे. डेबिट कार्डाच्या आकारास रिझर्व्ह बँकेनें १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानास यंत्रावर जास्तींत जास्त शेंकडा ०.४०, मोठ्यास ०.९०. क्रेडिट कार्डास तशी मर्यादा नाहीं. आणि कार्ड देणाऱ्या बँकेच्या त्या मोठ्या वांट्यांतूनच आमचे गुण निघतात, गुणांतून कपबश्या निघतात. कुंभार कोण व माती कोणाची, हें यादींत लिहिलेलें नसतें.

हा आकार गिऱ्हाइकास उघड सांगावा कीं नाहीं, याबद्दल जगांत जी भांडणें झालीं तीं वाचतांना आम्हांस मोठी मौज वाटली. कारण पुष्कळदां भांडण पैशाचें नसून शब्दाचें होतें. रोखीनें देणाऱ्यास ३ टक्के वटाव, आणि कार्डानें देणाऱ्यास ३ टक्के जादा, या दोहोंत गणितानें पाहूं गेल्यास नांवाचाच काय तो फरक. परंतु मनुष्याचें मन गणितानें चालत नाहीं. वटाव चुकला तर तो हळहळतो, जादा पडलें तर तो चिडतो. कार्डवाल्यांच्या हें फार पूर्वीं लक्षांत आलें होतें. दोन भाव ठेवणें भागच असेल तर त्याला रोखीची सूट म्हणावें, कार्डाचा दंड म्हणूं नये, असा त्यांचा आग्रह होता, ही गोष्ट रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञानें १९८० सालच्या आपल्या निबंधांत नोंदवून ठेविली आहे. न्यूयॉर्क राज्यांत तर तसा कायदाच होता. सूट देण्यास मुभा, जादा घेतल्यास गुन्हा. त्याविरुद्ध कांहीं दुकानदार न्यायालयांत गेले, त्यांत एक केशकर्तनालय अग्रभागीं होतें. केंस कापण्याचे दहा डॉलर, व कार्डानें द्याल तर शेंकडा ३ अधिक, असें सरळ लिहिण्याची आम्हांस परवानगी असावी, एवढेंच त्या नापितांचें मागणें होतें. २९ मार्च २०१७ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, हा कायदा भावाचें नव्हे तर भाव सांगण्याच्या भाषेचें नियमन करतो, म्हणून त्याचा विचार भाषणस्वातंत्र्याच्या कसोटीनेंच झाला पाहिजे. आणि खटला खालच्या न्यायालयाकडे परत धाडला. हें वाचल्यावर आम्हांस आमच्या किराणा दुकानांतला तो पालथा घातलेला पुठ्ठा आठवला. तो पुठ्ठा खोटें बोलत नव्हता. आम्हीं त्याला गप्प केलें, एवढेंच.

दुकानदार सगळेच साधु असतात असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. बँक एक घेते आणि व्यापारी दोन मागतो, हा प्रकार सर्रास आहे. ऑस्ट्रेलियांत २००३ पासून दुकानदारांस कार्डाचा आकार गिऱ्हाइकाकडून घेण्याची मोकळीक मिळाली. परंतु कांहींनीं, विशेषतः विमानाचीं तिकिटें विकणाऱ्यांनीं, तिचा असा लाभ घेतला कीं २०१६ सालीं प्रत्यक्ष खर्चाहून अधिक घेऊं नये असा निर्बंध करावा लागला. ब्रिटननें १३ जानेवारी २०१८ पासून ही प्रथाच बंद केली. शिवाय रोकडही फुकट नसते. नोटा मोजावयाच्या, फाटक्या वेगळ्या काढावयाच्या, सुटे जमवावयाचे, रात्रीं गल्ला सांभाळीत घरीं न्यावयाचा. दुकानदार रोकडीवर आकार लावीत नाहीं याचा अर्थ तिला खर्च नाहीं असा नव्हे. हें सर्व आम्ही जाणतों. तरीही आमच्याकडून दोन टक्के मागणाऱ्या त्या तरुणास लबाड म्हणण्यास आमची जीभ आतां धजत नाहीं. साखरेवर शंभराला दोन-तीन रुपये सुटतात असें तो म्हणतो. त्यांतले दोन कार्डानें नेले म्हणजे त्यानें दुकान कशासाठीं उघडावें?

आपल्या देशांतली नीति तर याहूनही विचित्र आहे. नोव्हेंबर २०१६ मध्यें मोठ्या नोटा रद्द झाल्या व सर्वांस कार्डें वापरण्याचा उपदेश सुरू झाला. दोन महिने झाले नाहींत तों जानेवारी २०१७ मध्यें पेट्रोलपंपवाले म्हणूं लागले कीं, बँका शेंकडा १ कापणार असतील तर आम्ही कार्ड घेणार नाहीं. तेव्हां सरकारची धांवपळ झाली व तो आकार पुढें ढकलण्यांत आला. आगगाडीचें तिकीट घरबसल्या काढणाऱ्याकडून १ सप्टेंबर २०१९ पासून सुविधाशुल्क पुन्हां घेऊं लागले. साध्या वर्गास १५ रुपये, वातानुकूलितास ३०, आणि यूपीआयनें दिल्यास १० व २०. त्याबद्दल कोणाच्या यंत्राला धक्का लागला नाहीं. आगगाडीनें घेतलें तर सुविधा, वाण्यानें घेतलें तर गुन्हा, असा हा न्याय आहे.

यूपीआयवर मात्र १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यांतून खात्यांत जाणाऱ्या पैशावर दुकानदारास कांहींही आकार नाहीं. भाजीवाल्याच्या गाडीवर चौकोनी ठिपक्यांचा कागद लटकूं लागला तो त्यामुळेंच. दुकानांतली ती बोलकी पेटी रक्कम जमा झाल्याचें खणखणीत आवाजांत सांगते. तिचें महिन्याचें भाडें पुष्कळ दुकानदारांस भरावें लागतें, पण तें ती सांगत नाहीं. आणि आकार नाहीं म्हणजे खर्च नाहीं असें थोडेंच आहे? तारा, यंत्रें, माणसें यांचा खर्च बँकांस येतोच. तो अंशतः भरून निघावा म्हणून २०२४-२५ या वर्षासाठीं केंद्र सरकारनें सुमारें १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. लहान दुकानदारानें यूपीआयनें घेतलेल्या दोन हजारांपर्यंतच्या रकमेवर शेंकडा ०.१५ सरकार देणार. सरकार देणार म्हणजे खजिना देणार, आणि खजिन्यांत काय येतें? आमचा प्राप्तिकर येतो हें खरें. परंतु रुमालाच्या गांठींतून नोटा काढणारी बाई जी साबणाची वडी घेते, तिच्यावरचा करही तेथेंच येतो. तिच्या गांठींत यूपीआय नाहीं.

ही बाई आमच्या मनांत पुन्हां उभी राहिली ती फाल्गुनांत. त्या दिवशीं चहाचा संच आला. सहा कप, सहा बश्या, कांठावर निळी वेल. घरांत सर्वांस तो आवडला. त्याच आठवड्यांत बोस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या तीन अर्थशास्त्रज्ञांचा २०१० सालचा एक निबंध आमच्या वाचनांत आला. दुकानदार कार्डाचा आकार निराळा सांगत नाहीं, सर्वांच्याच भावांत तो मिसळून टाकतो. तेव्हां रोखीनें देणारा कार्डवाल्याचाही आकार भरतो, आणि कार्डवाला तो भरून वर बक्षीस मिळवितो. हें त्यांनीं अमेरिकेपुरतें आंकड्यांनीं मांडलें होतें. सरासरीनें रोकड वापरणारें कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्ड वापरणाऱ्या कुटुंबांस देतें, आणि कार्ड वापरणारें प्रत्येक कुटुंब १,१३३ डॉलर मिळवितें. गरीबाकडून श्रीमंताकडे, दरवर्षीं, कोणीही कोणाचा खिसा न कापतां. तिकडचे आंकडे इकडे लागू करण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पण तिकडची रीति आम्हांस ओळखीची वाटली. अर्धा किलो साखर, पाव किलो रवा, आणि भाव तोच. पुठ्ठा उताणा असता तर आमचे ९७ रुपये आम्हींच भरले असते, नाहीं तर निमूटपणें फोन काढला असता. तो पालथा झाल्यावर ते कोठें तरी वांटले जाणें प्राप्तच होतें. थोडे दुकानदाराच्या नफ्यांतून गेले असतील, थोडे पुढल्या खेपेच्या भावांत गेले असतील. तिच्या वांट्याला त्यांतले किती आले असतील? पांच पैसे, दहा पैसे. आमचे वडील ते लिहून ठेवतां आले असते तर ठेवतेच. तिला तेंही शक्य नाहीं, कारण तिला त्याचें नांव कोणी सांगितलेलें नाहीं.

आमच्या विजयाला अशा रीतीनें उशिरानें बट्टा लागला. कपांतून चहा पितांना विशेष कांहीं वाटलें असें नाहीं. चहा नेहमीसारखाच लागला. परंतु चैत्रांत सामान आणण्यास गेलों तेव्हां आम्हीं सर्व रक्कम रोख दिली, आणि मग शंभराची एक नोट निराळी काढून गल्ल्यावर ठेवली.

"ही कशाची, काका?" चिरंजीवांनीं विचारलें.

आम्हीं दिवाळीची आठवण दिली. तो ती केव्हांच विसरला होता. रोजच कोणी ना कोणी त्याला कायदा शिकवीत असावें. पुठ्ठा मात्र गल्ल्यावर दिसत नव्हता. "राहू द्या हो," तो हंसून म्हणाला, "आता ते कशाचे म्हणून घेऊ? बिल तर तेव्हाच झालं."

"हुंडणावळ म्हणून लिहा," आम्ही म्हणालों.

"हुंडा?" त्यानें एकदम मान वर केली, व मागच्या रांगेंतलीं दोन-तीन माणसें आमच्याकडे संशयानें पाहूं लागलीं.

आम्हीं हुंडी म्हणजे काय तें समजावून देण्यास आरंभ केला, परंतु पुढलें गिऱ्हाईक घाईंत होतें. तेव्हां त्यानें नोट उचलून खणांत टाकली, संगणकाकडे एकवार पाहिलें, कांहींही न लिहितां तीन रुपये मोजून आमच्या हातावर ठेवले, आणि उरलेल्या वीस पैशांचा हिशेब दोघांनींही सोडून दिला.